किल्ल्यातील चर्च आणि त्याचे पाहुणे

विरारहून मुंबईकडे धावणाऱ्या लोकलगाड्यांच्या कपाळावर जे 'चर्चगेट' हे नाव लिहिलेले असते, ते मुंबईच्या जुन्या तटबंदीच्या ज्या दरवाजावरून पडले, तो दरवाजा ज्या सेंट थॉमस चर्चच्या वाटेवर होता, आणि जे चर्च १७१८ सालच्या नाताळच्या दिवशी उपासनेस खुले होऊन पुढे १८३७ साली कॅथेड्रलच्या पदवीस चढले, ते चर्च नोकरीच्या निमित्ताने त्या स्थानकावर उभी हयात उतरणाऱ्या वसई-विरारच्या किती गृहस्थांनी एकदा तरी आत जाऊन पाहिले असेल, असा प्रश्न परवा आमच्या बैठकीत रावसाहेबांनी काढला. आणि त्या प्रश्नातून जो वाद निघाला तो मला इतका मोलाचा वाटला की तो कागदावर उतरवून ठेवल्यावाचून राहवले नाही.

रावसाहेब हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कन्या इंग्लंडात नोकरीस असल्यामुळे अलीकडे काही महिने तिकडे राहून आले, आणि जुन्या वास्तू पाहण्याचा त्यांचा मूळचाच व्यासंग तेथे चांगला पोसला गेला. त्यांच्यासमोर बसलेले मास्तर पापडीचे; धर्मग्रामाच्या मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, रविवारच्या मिस्साला गायकवृंदात आजही उभे राहणारे, आणि वसईच्या किल्ल्यातील प्रत्येक पडक्या भिंतीशी बालपणापासून परिचय असलेले. बैठक किल्ल्यातच, संत जोसेफाच्या मात्रिझच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, मनोऱ्यालगत होती. दोघांचे म्हणणे मला जसे उमगले तसे मांडतो, आणि मध्ये मला जे वाटले तेही लिहितो. कारण तटस्थ राहता यावे इतका हा विषय मला परका नाही.

"मास्तर," रावसाहेब म्हणाले, "सेंट थॉमसमध्ये मी प्रथम गेलो तो फोर्टातल्या एका कचेरीत कामाचा खोळंबा झाला म्हणून, केवळ सावलीच्या आशेने. आत पाहतो तो भिंतीभर संगमरवरी स्मृतिशिला. कंपनी सरकारचे अधिकारी, जहाजांचे कप्तान, आणि इथल्या हवेपाण्याने ऐन तारुण्यात गिळलेली माणसे. ज्या सत्तेने आपला मुलूख घेतला तिचेच हे दप्तर दगडात कोरलेले; पण ते वाचताना माझ्या मनात द्वेष आला नाही, एक विलक्षण करुणा आली. तू कोण, कोणत्या धर्माचा, कशासाठी आलास, असे मला तेथे कोणीही विचारले नाही. इंग्लंडात तर हा अनुभव पावलोपावली आला. सॉल्झबरीचे कॅथेड्रल, ज्याचा पाया १२२० साली घातला गेला आणि ज्याचा कळस १२३ मीटर उंच चढून आजही त्या देशात सर्वांत उंच ठरतो, तेथे १२१५ सालच्या मॅग्ना कार्टाच्या आज उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक जपून ठेवलेली आहे. आणि ते सर्व समजावून द्यायला त्याच गावातले वृद्ध स्त्रीपुरुष, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, खांबाखांबापाशी उभे असतात. परक्या माणसाला आपली वास्तू इतक्या अगत्याने दाखवणे, हीसुद्धा मला एक उपासनाच वाटली."

मास्तरांनी हे शांतपणे ऐकून घेतले. "तुम्ही पाहिलेत, हे उत्तमच झाले," ते म्हणाले, "पण पाहणे म्हणजे चर्चमध्ये जाणे नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पाहुणा आत येतो, मान वर करून छताच्या कमानी न्याहाळतो, रंगीत काचांचे कौतुक करतो आणि पुढच्या गावाची गाडी गाठतो. भाविक पहाटेच्या अंधारात येतो आणि छताकडे एकदाही पाहत नाही. त्याच्या गुडघ्यांना मात्र तेथली फरशी ओळखते. आमचे पापडीचे अवर लेडी ऑफ ग्रेस पाहा. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, बिशपांचे आसन तेथे आले आणि आमचे गावचे चर्च कॅथेड्रल झाले. ते पाहायला दूरदेशीचे प्रवासी बसगाड्या भरून येत नाहीत, आणि त्यात त्याची काही उणीव आहे असे मला कधी वाटले नाही. तेथे मुलांचे स्नानसंस्कार होतात, लग्ने लागतात, मयतांना निरोप दिला जातो. ज्या वास्तूत आपल्या बापाची शवपेटी ठेवली गेली, तिच्या कमानी कोणत्या शैलीच्या आहेत हे मुलगा विचारत नाही."

"जेथे उपासना चालू आहे तेथपर्यंत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण जेथे ती थांबली तेथे काय?" रावसाहेबांनी वर पाहत विचारले. "ही मात्रिझच घ्या. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, १६०१ साली, हिची पुनर्बांधणी झाल्याचा लेख हिच्या दरवाजावर होता. या नगरीचे हे मुख्य चर्च. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला, आणि हळूहळू हिच्यावरचे छप्पर गेले, वेदी गेली, आत झाडे उगवली. आता हिच्याकडे येणारा माणूस पाहुणाच असणार. त्यालाही तुम्ही परका म्हणालात, तर हिला कोण उरले? ज्या इमारतीकडे कोणी पाहत नाही तिचे दगड लोक उचलून नेतात, हे मी माझ्या नोकरीत कितीतरी गावी पाहिले आहे."

मास्तरांचा स्वर येथे प्रथमच चढला. "पाहुण्यांविषयी म्हणता, तर त्या फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जाऊन या. तेथली जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळाच शिळा. प्रत्येकीवर नाव, प्रत्येकीखाली एक माणूस. त्या शिळांवर लग्नाआधीची छायाचित्रे काढायला जोडपी उभी राहतात, झगे पसरतात, रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवतात. हिंदी चित्रपटांची चित्रीकरणे येथे झाली, विलायती गाण्यांची झाली. कोणाच्या आजोबांच्या समाधीवर मी असे उभे राहिलो तर ते खपेल काय?"

"खपणार नाही, आणि खपू नये," रावसाहेब म्हणाले. "पण त्या पोरांना ती थडगी आहेत हे सांगितले कोणी? लेख पोर्तुगीजमध्ये, अक्षरे झिजलेली. मराठीत एक ओळ तेथे लिहिलेली असती, की बाबांनो, येथे माणसे निजली आहेत, तर त्यांपैकी निम्मी तरी जोडपी बाजूला सरली असती, असे मला वाटते. अज्ञानाला उर्मटपणा समजून आपण रागावतो आणि सांगण्याचे कर्तव्य टाळतो."

या मुद्द्यावर मी निःसंशय रावसाहेबांच्या बाजूचा आहे. आपल्याकडे जुन्या वास्तूच्या दाराशी जो फलक असतो, तो बहुधा कायद्याचे कलम आणि दंडाची रक्कम सांगतो. आत काय घडले ते सांगत नाही. येणाऱ्याच्या हाती धाक दिला जातो, हकिगत दिली जात नाही. आणि हकिगतीवाचून आदर उत्पन्न होत नाही.

यानंतर रावसाहेबांनी कॉव्हेंट्रीची गोष्ट सांगितली. ती त्यांनी सावकाश, थांबत थांबत सांगितली, आणि मास्तरांनी तिच्यात एकदाही मध्ये शब्द घातला नाही.

"कन्येच्या घरापासून ते शहर जवळ होते. सेंट मायकल हे तेथले जुने चर्च. शतकानुशतके साधे गावचे चर्च म्हणूनच नांदले आणि तुमच्या पापडीसारखेच, फार उशिरा, १९१८ साली कॅथेड्रल झाले. ती पदवी त्याला जेमतेम बावीस वर्षे लाभली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर आगीचा वर्षाव केला. छप्पर जळून कोसळले, खांब पडले, उरल्या त्या बाहेरच्या भिंती आणि मनोरा. दुसऱ्या दिवशी त्या राखेच्या ढिगासमोर उभे राहिलेल्या लोकांपुढे दोन मार्ग होते, एक सूडाचा आणि एक विसरण्याचा. त्यांनी दोन्ही टाकले. छपराच्या जळक्या तुळयांपैकी दोन एका पाथरवटाला आडव्यातिडव्या पडलेल्या दिसल्या, त्या त्याने बांधून त्यांचा क्रूस उभा केला. मध्ययुगातले जे लोखंडी खिळे राखेत सापडले त्यांचे क्रूस केले, आणि युद्ध संपल्यावर तसे क्रूस कोठे धाडले म्हणाल, तर कील, ड्रेस्डेन, बर्लिन अशा, इंग्रजांच्याच बाँबनी होरपळलेल्या जर्मन शहरांना. मोडक्या वेदीमागच्या भिंतीवर 'बापा, क्षमा कर' एवढेच कोरले. पुढे बॅसिल स्पेन्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने जुन्या भिंतींना हात न लावता, त्यांना खेटून नवे कॅथेड्रल बांधले. २५ मे १९६२ रोजी त्याचे समर्पण झाले. दोहोंच्या मध्ये एक प्रचंड काचेची भिंत आहे, तिच्यावर संत आणि देवदूत कोरलेले आहेत. नव्या चर्चमध्ये उभे राहून मागे वळलात तर त्या आकृतींमधून जुने भग्न चर्च दिसते. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्या उघड्या भिंतींमध्ये समेटाची प्रार्थना होते. मी गेलो तेव्हा तेथे जपानी होते, जर्मन होते, माझ्यासारखा मराठी माणूस होता. सगळे पाहायला आलेले. प्रार्थना सुरू झाली तेव्हा कोणी कॅमेरा उचलला नाही. मास्तर, त्या क्षणी मी पाहुणा होतो की भाविक, हे मला आजही सांगता येणार नाही."

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोष्ट थोर आहे. पण तेथे ज्यांचे मोडले त्यांनीच क्षमा केली. आपल्या वसईत कोणी कोणाला क्षमा करायची? मी पस्तीस-चाळीस मुलांच्या वर्गापुढे हा धडा शिकवला आहे आणि प्रत्येक वेळी माझी जीभ जड झाली आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी येथे चर्चे बांधली, शाळा काढल्या, इस्पितळे काढली, हे खरे. आणि त्यांनी येथली देवळे मोडली, हिंदूंना आपले विधी उघडपणे करण्यास मज्जाव केला, हेही तितकेच खरे. येथल्या रयतेची गाऱ्हाणी पुण्याला पोहोचली म्हणून तर फौज आली. मग सुरुंग लागले, सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजापाशी तट फुटला, अगणित माणसे दोन्हीकडची मेली. आणि तरीही, तह करताना जिंकलेल्यांनी असे कबूल केले की जे मागे राहतील त्यांनी आपला धर्म सुखाने पाळावा. आम्ही त्या कलमाची प्रजा आहोत, रावसाहेब. गोरे जहाजांत बसून गेले. आमचे पूर्वज कोठे जाणार? त्यांची वाडी येथे, विहीर येथे, भाषा हीच. ज्यांची देवळे मोडली त्यांचे वंशज आणि ज्यांच्या चर्चच्या घंटा नेल्या त्यांचे वंशज माझ्या हाताखाली एका बाकावर बसून शिकले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे अभिनंदन करायला माझे ख्रिस्ती विद्यार्थी जेवढे जमले तेवढेच हिंदूही जमले होते. क्षमा कोणी मागितल्याचे मला आठवत नाही. पण शेजार टिकला."

घंटांचा उल्लेख निघाल्याबरोबर रावसाहेबांचे डोळे चमकले, कारण हा त्यांचा जुना शोध. वसईच्या विजयानंतर येथल्या चर्चमधून उतरवलेल्या घंटा देशावर गेल्या आणि देवळादेवळांतून टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावर आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे, नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. दोन्ही रावसाहेबांनी हात लावून पाहिलेल्या.

"तुम्हांला त्या परत हव्यात काय?" त्यांनी सरळच विचारले.

"नकोत," मास्तर तितक्याच सरळपणे म्हणाले. "घंटा माणसे बोलावण्यासाठी असते. भीमाशंकरची घंटा हजारो भाविकांच्या वाटेवर आहे. ती येथे आणून या मनोऱ्यात बांधली, तर ती कोणाला बोलावील? मेणवलीच्या घाटावर मी कुटुंबासह गेलो होतो. एक म्हातारी त्या घंटेखाली हात जोडून उभी होती, आणि वर मरिया होती. माझ्या पत्नीने क्रूसाची खूण केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि त्या हसल्या. ते मोडून मला काही परत नको. मात्र ती घंटा कोठून आली हे तेथे लिहिलेले असावे, एवढे मागणे माझे आहे."

मला हे उत्तर फार मोठे वाटले. आपल्या वारशाची वस्तू दुसऱ्याच्या हाती सुखात आहे हे मान्य करून केवळ तिच्या नोंदीचा हक्क मागायचा, याला जे मन लागते ते वादविवादाने घडत नाही.

तरी वाद तेथे मिटला नाही. किल्ल्यातले जेझुइटांचे चर्च, जेथे वसईचाच पुत्र संत गोन्सालो गार्सिया विद्यार्थी म्हणून वावरला, तो १५९७ च्या ५ फेब्रुवारीस जपानात नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला, आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाला, ते चर्च आमच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होऊन पुन्हा उपासनेस लागले आहे. त्याचा विषय निघताच दोघे पुन्हा समोरासमोर आले. रावसाहेबांचे म्हणणे असे की भग्न वास्तू जशी आहे तशी राखावी, तिच्यावर नवे काही चढवले की जुन्याचा पुरावा बुजतो, आणि कॉव्हेंट्रीकरांनी म्हणूनच जुन्याला हात लावला नाही.

"कॉव्हेंट्रीला शेजारी नवे बांधायला जागा होती आणि पैसा होता," मास्तर म्हणाले. "आमच्या संताच्या सणाला त्या भिंतींमध्ये पहिल्यांदा मराठी गायन घुमले, तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला रडू आवरेना. तुमचा पुरावा बुजला असेल. आमचा तर तेथे पुन्हा सुरू झाला. आणि गोव्याचे काय? बॉम जेझूच्या दर्शनी भागावर जो काळा दगड लावला आहे, तो या वसईहून समुद्रमार्गे नेलेला. आमच्या खाणींचा तो दगड तेथे आजही मिस्सा ऐकतो. ती इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि प्रवासीही तेथे लोटतात. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष २०२४ च्या नोव्हेंबरपासून दर्शनास ठेवले तेव्हाची गर्दी तर सर्वांनी पाहिली. म्हणजे वास्तू जपणे आणि वास्तू नांदवणे यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही."

या ठिकाणी माझा निर्णय होत नाही. दगडाचे सत्य आणि गायनाचे सत्य यांतील एक निवडा असे मला कोणी म्हटले, तर मी निवडणार नाही.

तिकिटाचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपला, कारण तेथे मास्तर जागचे हलले नाहीत. इंग्लंडातील बऱ्याच कॅथेड्रलांत पाहायला येणाऱ्याकडून शुल्क घेतात, प्रार्थनेला येणाऱ्याकडून घेत नाहीत, आणि डरहॅमसारख्या ठिकाणी कोणाकडूनच घेत नाहीत. त्या शुल्कातून छपरे दुरुस्त होतात, पाथरवट पोसले जातात, असा तपशील रावसाहेबांनी दिला. मास्तर म्हणाले, "या किल्ल्यातून बंदराकडे रस्ता जातो. मासळीची पाटी घेतलेली कोळीण पिढ्यान्‌पिढ्या या दरवाजातून ये-जा करते. ही तिची वहिवाट आहे. एकदा दाराशी खिडकी बसली, की आज प्रवाशापुरती म्हणाल, उद्या तिलाही अडवाल. मला ते चालणार नाही."

अखेर ठरले ते असे. मात्रिझ आणि फ्रान्सिस्कनांचे चर्च येथे मराठी फलक लावण्याची परवानगी मागणारा अर्ज पुरातत्त्व खात्याकडे रावसाहेबांनी लिहावा, आणि डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई यांच्या इतिहासावर १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या आधाराने, थडग्यांवरील जे लेख अजून वाचता येतात त्यांचे मराठी मास्तरांनी करावे. मजकुराचा कच्चा खर्डा लगेच वहीत उतरवायला घेतला, तो पहिल्याच वाक्यावर अडला. रावसाहेबांनी १६०१ सालापासून प्रारंभ केला होता.

"तेथून नाही," मास्तर म्हणाले. "आधी सोपारा येऊ द्या. अशोकाच्या आज्ञांचा शिलालेख जेथे सापडला, जेथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकलला, ते येथून काही कोसांवर आहे. नंतर येथली देवळे, आणि ती कोणी मोडली हे. मग चर्च."

"फलक दोन हात रुंद आहे, मास्तर."

"मग मोठा करा. देवळांची ओळ मी लिहितो. ती ख्रिस्ती माणसाच्या हातची असली पाहिजे. घंटांची तुम्ही लिहा."

रावसाहेबांनी वही त्यांच्याकडे सरकवली. त्या दोन्ही ओळी त्याच सायंकाळी लिहून झाल्या. तळाशी मास्तरांनी 'प्रवेश सर्वांस विनामूल्य' असे घातले होते. रावसाहेबांनी ते खोडले, मास्तरांनी पुन्हा लिहिले, आणि त्या ओळीचा निकाल पुढच्या बैठकीवर ठेवून दोघे उठले.